अळंबीवाले मिस्टर यिप

मिस्टर यिप आमच्या खोऱ्यात आले ते व्यापाराला नव्हे, थोरल्या भावाचं थडगं शोधायला. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी दिसलं ते एवढंच, की बारीक चणीचा एक चिनी माणूस जळक्या ओंडक्यावरची कानाच्या आकाराची काळी अळंबी उन्हात धरून बघतोय. पंधरा दिवसांत त्यांनी दुकान थाटलं आणि दारावर पाटी लावली : वाळवून आणा, पौंडाला तीन पेनी.

"वेड लागलंय त्याला, हॅना," माझा नवरा कॉन म्हणाला. "सडक्या लाकडावर उगवतं त्याचे पैसे देतोय."

"मग तो शहाणा व्हायच्या आत पोती भर," मी म्हटलं.

त्या वर्षी तारानाकीच्या डोंगराखाली आम्हा आयरिश लोकांच्या घरात लोणी होतं आणि ते घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. जंगल तोडून जाळलेलं, गवत अजून पुरतं उगवायचं होतं. माझ्या मुलांच्या पायात बूट आले ते त्या अळंबीमुळे. खोऱ्यातल्या कितीतरी घरांचं असंच.

एकदा मी पोत्याच्या तळाशी ओली अळंबी भरली, वजनाला. हो, मीच, कॉनचं नाव कशाला घेऊ? मिस्टर यिपनी कोपरापर्यंत हात आत घातला, पोतं छपरावर पसरलं आणि दोन दिवसांनी तोललं.

"मिसेस ट्वोमी, तुमच्याकडे पाऊस फार पडतो वाटतं," ते म्हणाले. "तोही पोत्यात."

लाजून मेले मी. पण त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नाही आणि पुढच्या खेपेला मुलांसाठी पाकातलं आलं दिलं. माल गेल्यावर ते गुडघे टेकून जमीन झाडायचे आणि केर चाळणीतून चाळायचे. नखाएवढा तुकडाही बाजूला निघायचा. मी हसले की म्हणायचे, "हाही हाँगकाँगला कुणाच्या तरी वाडग्यात जाईल. त्याला कशाला मागे ठेवायचं?"

भावाचं नाव लाय. तो त्यांच्या आधी इथे आला, आमच्या कॉनबरोबर गिरणीत फ्लॅक्सच्या झुडपाच्या पात्यांपासून दोराचा वाख काढायचं काम केलं आणि तापाने गेला. त्याला टेकडीवरच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं होतं. त्यांच्या लोकांत सात वर्षांनी हाडं काढतात, धुतात, मोजतात आणि घरी पाठवतात. सगळीच्या सगळी. एखादं राहिलं तर मेलेला माणूस घरी पोचत नाही, राहिलेलं शोधत माघारी फिरतो. कॅन्टनजवळच्या गावी त्यांची ऐंशीच्या पुढची आई वाट बघत होती. लायला अख्खा घेऊन येतो, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. ती सात वर्षं भरेपर्यंत करायचं काय, म्हणून तो सगळा व्यापार. खोऱ्याची चूल ज्याच्यावर पेटत होती, तो माणूस नुसता थांबला होता!

सातवं वर्ष भरलं. दुकान त्यांच्या सुन नावाच्या पुतण्याच्या हवाली झालं आणि खणायला सुरुवात झाली. वेलिंग्टनहून जहाज निघायला नऊ दिवस होते.

चौथ्या दिवशी मी पाव आणि चहाची किटली घेऊन टेकडीवर गेले. पांढऱ्या कापडावर माणूस मांडलेला होता, पायापासून डोक्यापर्यंत, एकेक हाड धुऊन पुसून. मी क्रूसाची खूण केली. मिस्टर यिप खड्ड्यात बसून माती चाळत होते. नखं फुटून रक्त आलेलं.

"चार दिवस झाले," सुन मला हळूच म्हणाला. "डाव्या करंगळीची तीन हाडं मिळत नाहीत. काका ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा."

मला ठाऊक होतं.

"मिस्टर यिप," मी म्हटलं, "ती तिथे नाहीत. गिरणीच्या यंत्रात त्याची करंगळी गेली होती. मरायच्या दोन वर्षं आधी. कॉन त्याला आमच्या घरी घेऊन आला, पट्टी मी बांधली."

चाळण थांबली.

"त्याने लिहिलं होतं, सगळं ठीक आहे," ते म्हणाले. मग किंचित हसले. "लहानपणीसुद्धा लागलं की हात पाठीमागे लपवायचा. कुठे पडली ती?"

"यंत्राखालच्या पाटात. तिथून नदीला."

मला वाटलं, सुटले बिचारे मिस्टर यिप. आता सुखाने घरी जातील.

पुढच्या सोमवारी मी दुकानात गेले तर तराजूमागे मिस्टर यिप. पेटी घेऊन सुन गेला होता. माझं डोकंच फिरलं.

"आई ऐंशी वर्षांची तुमची! आणि तुम्ही अळंबी जोखत बसलात?"

"पेटीत तिला चिठ्ठी ठेवलीय," ते म्हणाले. "लायचं बाकी सगळं पाठवतोय. करंगळी इथे आहे, मी तिच्याजवळ आहे."

"अहो, नदीने ती कधीच समुद्रात नेली असेल."

"असेल. पण लायला ते कुठे माहीत? तो शोधत येणार इथेच. आल्यावर कुणी ओळखीचं नको?"

कॉनला सांगितलं तर त्याने टोपी काढून हातात धरली, आणि माझा नवरा चर्चमध्येसुद्धा दोनदा सांगितल्याशिवाय टोपी काढत नाही. मीच त्यांना मोकळं करायला गेले होते आणि मीच अडकवून बसले. तिसऱ्या वर्षी आई गेल्याचं पत्र आलं. त्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडलं. दर एप्रिलला, त्यांच्या पितरांच्या दिवशी, ते गिरणीच्या पाटाशी भात, डुकराचं मांस आणि दारूचे तीन चिमुकले पेले मांडायचे आणि तासभर बसायचे. एकोणीस वर्षं. मी पुष्कळ देवमाणसं ऐकली आहेत. डोळ्यांनी बघितलं ते हे एकच.

पेटी पोचवून सुन केव्हाच परत आला होता. मिस्टर यिप वारल्यावर सात वर्षांनी त्याने त्यांची हाडं काढली. मी शेजारी बसले होते. त्याने दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मी मोजली. सगळी होती. पेटी बंद झाली, तेव्हा सुन म्हणाला, "मीही आता जातो, मिसेस ट्वोमी. पाटाशी मात्र कुणी राहिलं नाही."

"मी आहे," मी म्हटलं. "लाय मला ओळखतो."

एप्रिल आला. मला भात नीट जमत नाही, खालून लागला. वरवरचा काढून घेतला आणि नेला.