भुऱ्याची रेती

अकोल्याच्या शिवेवर वामनरावांचा झेंडू-शेवंतीचा मळा. जन्म फुलांत गेला, पण बोलणं बाभळीचं. "मांजर उंदरासाठी ठेवतो, लाडासाठी नाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि जेवताना दूधभाकर हळूच ताटाखाली सारायचे. खरं तर उंदरांना घरचा बोका भुऱ्या एकटा पुरे होता. पण लोक मळ्यात मांजरं सोडून जात आणि वामनराव त्या लोकांना शिव्या घालत मांजर ठेवून घेत. अशी पाच झाली. शेवटचा आला तो पैलवान, काळा धिप्पाड बोका.

पैलवान आला आणि भुऱ्याचं बिनसलं. घरामागच्या रेतीच्या ढिगावर सगळी मांजरं जात, तिथेच पैलवान ठाण मांडून बसू लागला. भुऱ्या लांबूनच मागे फिरे. चाटून चाटून त्याने पोटावरचे केस पार काढले. आणि एका सकाळी तो शेवंतीच्या टोपल्यात मुतला. त्या फुलांचे हार जठारपेठेतल्या लग्नात जायचे होते.

वामनरावांचा मुलगा कुंदन भडकला. "लय माजला हा. पोत्यात घालून अचलपूरच्या यष्टीत टाकतो त्याले."

"माजला नाई तो."

"मंग काहून मुतला फुलात?"

वामनराव अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहत होते. भुऱ्या तिथे बसायचा, जोर करायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. पडे तो थेंब, तोही लालसर. त्या बसण्या-उठण्याची वामनरावांना चांगलीच ओळख होती.

त्यांचंही वर्षभर तेच चाललं होतं. घरात माणसं सात आणि संडास एक. आत जाऊन जरा उभं राहावं, तर कोणीतरी कडी वाजवणारच, "बाबा, झालं काय?" मग आलेलंही अडायचं. म्हणून ते पहाटे काठी घेऊन बांधावर जात. म्हाताऱ्याच्या मुताची घरात काय चर्चा करायची, ही लाज. आणि डॉक्टर नळी घालतो, ही भीती. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत भुऱ्याचा थेंबही पडेना. सकाळपासूनचं ओरडणंही थांबलं. वामनरावांनी त्याला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि सुनेपुढे येऊन उभे राहिले. "हर्षा, गाडी काढ. दवाखान्यात चाल."

"मामाजी, हार राह्यले ना."

"हार होतीन मंग. हा मरून राह्यला."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. लघवी पुरती तुंबली होती. रात्र काढली नसती म्हणाल्या. भूल देऊन नळी घालायला त्याला आत नेलं, तेव्हा वामनराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हर्षाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बाई बाहेर आल्या त्या हसतच. "वाचला. पण याला घरात धाक आहे कुणाचा तरी. धाकाने तो रोखून धरतो, पाणी पीत नाही, आणि दुखणं वाढतं. वेगळी रेती द्या, वेगळं ताट द्या, आडोसा करा. त्याला निवांत बसता आलं पाहिजे."

"मी तेच म्हनतो," वामनराव एकदम बोलून गेले. "मागून कोनी कडी वाजोली, की येतच नाई."

भुऱ्याच्या रेतीला कुठली आली कडी? बाई वामनरावांकडे पाहू लागल्या, हर्षाही. वामनराव दुपट्ट्याची घडी घालत बसले.

भुऱ्याला दवाखान्यातच ठेवून परतताना हर्षाने वाटेत गाडी थांबवली. "मामाजी, कवापासून?"

"काय कवापासून?"

"भुऱ्याले नळी घातली, मेला काय तो?"

वामनराव रस्त्याकडे पाहत म्हणाले, "वर्ष झालं असन."

भुऱ्या घरी आला तेव्हा गोठ्यामागे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा, घमेलंभर रेती आणि पाण्याची वाटी तयार होती. तट्टा कुंदनने बांधला होता, तोंड वाकडं करून का होईना. भुऱ्याने रेती हुंगली, पैलवान कुठे दिसतो का पाहिलं आणि बसला.

दुसऱ्या दिवशी वामनरावांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. त्या पहाटे ते काठी घेऊन निघाले, तर हर्षाने काठी काढून घेतली आणि संडासाकडे हात केला. दाराला पाठ लावून, मांडीवर झेंडू घेऊन ती हार ओवत बसली.

थोड्या वेळाने आत वामनरावांना कुंदनची पावलं ऐकू आली. ती दाराशी थांबली.

"थांबा जरा," हर्षा हळू आवाजात म्हणाली. "त्यायले होऊ द्या."

कडी वाजली नाही.