झोपेत जिंकलेला बेनेडिक्ट

बहारीनमध्ये राहणाऱ्या भावाला तीन वर्षं पत्रं लिहून मालाडच्या बेनेडिक्टने व्हिडिओ गेम मागवला. १९८५ साली तो आला, तेव्हा दोन दिवस बेनेडिक्ट टीव्हीसमोरच जेवला. चौथ्या दिवशी मात्र खेळता खेळता त्याला गाढ झोप लागली. पडद्यावरची चेंडू अडवायची फळी जागच्या जागी राहिली, चेंडू तिच्यावर आपटून परत जात राहिला आणि स्कोर वाढतच गेला. बायको एथेलने शेजाऱ्यांना हाका मारल्या.

"उठवू नका रे, जिंकतोय तो!" ती कुजबुजली.

तासाभराने टाळ्यांनी त्याला जाग आली. स्कोर पाहून तो म्हणाला, "मला कालपासूनच कंटाळा आलाय यार. तुम्ही खेळा."

दुसऱ्या दिवशी शेजारी पुन्हा जमले. खेळायचं कुणालाच नव्हतं. बेनेडिक्ट कधी झोपतो, एवढंच ते विचारत होते.