ऐन कापसाच्या हंगामात सोडलेली आवृत्ती

“ताई, काट्याचा आकडा कम्प्युटरवर येईना झालाय. ट्रॅक्टर उभे हायत.”

देवगाव फाट्यावरून साळवेमामांचा फोन आला तेव्हा मी परभणीत, घरूनच, पुण्याच्या कंपनीची मीटिंग करत होते. कॅमेरा बंद केला आणि मीटिंग सोडली.

साळवेमामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर फाट्यावर वजनकाटा चालवतात. कापसाची ट्रॉली काट्यावर येते, वजन होतं, आकडा वायरीतून कम्प्युटरवर येतो आणि पावती छापून मिळते. तो आकडा वाचणारं छोटं सॉफ्टवेअर मी आणि पुण्याचा माझा मित्र सौरभ मिळून सांभाळतो. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा आणि वापर फुकट. आमचा पगार दुसरीकडून येतो. हे काम सुट्टीच्या दिवशीचं.

सॉफ्टवेअर पायथॉन नावाच्या भाषेत लिहिलंय. ते चालायचं तर कम्प्युटरवर आधी पायथॉन असावं लागतं. त्याला रनटाइम म्हणतात. त्याची नवी आवृत्ती दर वर्षी येते, आणि जुन्या आवृत्तीला काही वर्षांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतं. आम्ही मात्र सगळ्या जुन्या आवृत्त्या कडेवर घेऊन चाललो होतो. एक ओळ बदलली तरी प्रत्येकीवर तपासायची. नवीन सोयी वापरायच्या नाहीत, कारण सगळ्यात जुनीला त्या कळत नाहीत. मला या कामाचा अगदी वीट आला होता. म्हणून त्या आठवड्यात आम्ही सगळ्यात जुनी, म्हणजे ३.८, सोडून दिली. आमचं नवं सॉफ्टवेअर आता तिच्यावर चालणार नव्हतं.

सौरभने एकदा विचारलं होतं, कुणाचं अडलं तर? मी म्हटलं, ज्याचा कम्प्युटर जुना, त्याच्याकडे आपलं जुनं सॉफ्टवेअर आहेच. ते चालत राहील. त्याला कोण हात लावतंय? कागदावर यात काही चूक नव्हती.

पण आमच्याकडे कम्प्युटर जरा मंद झाला की फॉरमॅट मारतात. म्हणजे सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. दुखणं शोधत बसण्यापेक्षा ते सोपं. ऐन हंगामात काटा अडू नये म्हणून मामांनी आदल्या दिवशी सेलूहून रिपेअरवाला बोलावून मुद्दाम फॉरमॅट मारून घेतलं. त्याने आमच्या वेबसाइटच्या पानावरचं ‘ताजी आवृत्ती’ हे ठळक बटण दाबलं. मीही तेच दाबलं असतं. पण मामांचं विंडोज इतकं जुनं की त्यावर ३.८ च्या पुढचं पायथॉन चढतच नाही.

सौरभला फोन लावला. तो म्हणाला, मामांना नवीन कम्प्युटर घ्यायला सांग. मला राग आला. दोन मिनिटांपूर्वी माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून जरा जास्तच आला.

मामांना म्हटलं, काट्याच्या डब्यावर आकडा दिसतोय ना, तोवर हाताने पावती लिहून द्या.

“लिहायलोय की,” मामा म्हणाले. “पण छापील न्हाई म्हटलं की लोक आकड्याकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघायलेत.”

काटा मारला, म्हणजे वजन कमी दाखवलं, असा नुसता संशय आला तरी काटेवाल्याचं नाव जातं. मामांकडे त्या नावाशिवाय विकायला दुसरं काही नाही.

रिपेअरवाल्याला फोनवर घेतलं, जुन्या आवृत्तीची लिंक पाठवली आणि एकेक पायरी सांगत गेले. दुपारी पावत्या छापायला लागल्या.

मग सौरभचा आणि माझा खरा वाद झाला. ३.८ परत घ्यायची का? आता मागे सरायला तोच तयार होता, आणि मी नाही म्हटलं. ज्या तयार भागांवर आमचं सॉफ्टवेअर उभं आहे, त्यांनीच ३.८ सोडली होती. दोन माणसांनी ती किती दिवस ओढायची? शेवटी असं ठरलं की ३.८ सुटली ती सुटली. मात्र पानावर जुन्या कम्प्युटरसाठी वेगळं बटण ठेवायचं आणि हंगाम संपेपर्यंत त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या करायच्या. यापुढे कुठलीही जुनी आवृत्ती उन्हाळ्यातच सोडायची. त्याची सूचना महिनोन्‌महिने आधी सॉफ्टवेअरच्या पडद्यावर द्यायची, मराठीत.

उन्हाळ्यात मामांनी परभणीहून एक वापरलेला पण बरा कम्प्युटर घेतला. तो जोडून द्यायला मी स्वतः फाट्यावर गेले. चहा पिताना मामा सहज बोलून गेले, की त्या दिवशी हाताने लिहिलेली पावती घेऊन एक जण भरली ट्रॉली तशीच दुसऱ्या काट्यावर घेऊन गेला होता. वजन तेवढंच भरलं.

“मग परत आला का?”

“कशाला येतोय? तिकडंच जायलाय आता. धा वर्सांचं गिऱ्हाईक होतं.”

मला फार वाईट वाटलं, आणि मामांनी विषय बदलला.

जुन्या आवृत्त्या मी आजही सोडते, आणि वेळेवर सोडते. सौरभ मात्र अजून म्हणतो की आपण तेव्हाही रीतसर जाहीर केलं होतं. केलं होतं. इंग्रजीत, पानाच्या तळाशी.