बाया अजून कामावर हायेत

पाठीवरचा फवारणीचा पंप बांधावर उतरवायचा, नाकावरचा दुपट्टा खाली ओढायचा आणि संत्र्याच्या झाडात कान घालून उभं राहायचं. मग मागं वळून मला सांगायचं, "बाया अजून कामावर हायेत, गुरुजी. थांबा जरासे."

बाया म्हणजे मधमाश्या. आमच्या पंपवाल्या भाऊंनी त्यांना दुसरं नाव कधी दिलं नाही. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवायचो, सावरगावच्या पुढं माझी थोडी बाग आहे आणि तिच्या फवारणीला हे भाऊ यायचे. आंबिया बहराची फुलं उघडली की असा घमघमाट सुटतो की माणूस कामधंदा विसरतो. भाऊ काम विसरायचे नाहीत, फक्त लांबवायचे.

आधी पानं उलटी करून बघायचे. "कीड कुठं हाये जी? दुकानदारानं डबा देल्ला म्हणून मारायचाच काय?" असं म्हणून निम्मे डबे त्यांनी मला परत करायला लावले. तो दुकानदार रस्त्यात भेटला की आधी भाऊंची तब्येत विचारायचा, आणि ती ठणठणीत आहे हे ऐकून त्याचं तोंड उतरायचं.

कीड खरीच असली, तर दिवस कलल्यावर फवारणी. तोवर बांधावर बसून चहा. तुमच्यातही माझ्यासारखे उतावळे असतील, त्यांना माझी दशा कळेल. खरं तर यात तोटा त्यांचाच होता. बाकीचे पंपवाले दिवसात दोन बागा उरकत, भाऊंची एकच व्हायची. "याले बोलावलं म्हणजे मुक्कामाची तयारी ठेवा," असं लोक म्हणत.

एकदा मी मुद्दाम छेडलं, "भाऊ, सगळ्या बायाच कशा? गडीमाणसं नाहीत का त्यांच्यात?"

"हायेत ना. घरी बसून खाऊन राह्यले."

शाळेतलं पुस्तक काढून पाहिलं, तर काम करणाऱ्या साऱ्या माद्याच निघाल्या. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तर म्हणाले, "पुस्तकात कायले पायता जी? आपल्या गावात पाहा."

आता माझी चूक सांगतो, लपवून काय करू? सौंसरला भाच्याचा साखरपुडा होता. कोवळ्या फुटीवर कीड दिसत होती, दुपारची बस गाठायची होती, आणि फवारणी डोळ्यांसमोर झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणालो, "भाऊ, आज आत्ताच उरका."

"बाया कामावर हायेत, गुरुजी."

"त्यांना सांगा, गुरुजींना घाई आहे." मी हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी दुपट्टा नाकावर बांधला आणि पंप पाठीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. भाऊ आले ते दुपट्ट्याची चारी टोकं धरून. त्यांनी तो ओट्यावर पसरला. आत ओंजळभर मधमाश्या होत्या. एकदोघींचे पाय अजून हलत होते.

"गुरुजी, हजेरी घ्या."

एवढंच बोलले आणि दुपट्टा तिथंच ठेवून गेले. इतकी वर्षं मी हजेरी घेत आलो, पण त्या दिवशी वर्गात नावं पुकारताना दोनदा चुकलो. मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

बांधावरच्या आंब्याच्या ढोलीत त्यांचं मोहळ होतं. ते वाचलं की संपलं, काही कळेना. बाग फुलांनी भरलेली आणि आवाज मात्र नाही. भाऊ रोज ढोलीकडं फेरी मारायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही शाळा सुटली की तिथं जाऊन उभा राहायचो. असे आम्ही दोघं मुकाट उभे असताना आठवडाभरानं ढोलीतून एक माशी बाहेर आली. मग तिच्यामागं आणखी तीनचार.

भाऊंनी माझा दंड धरून गदागदा हलवला. "उघडली जी शाळा!" असे ओरडले की पलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया हातातलं काम सोडून पाहू लागल्या. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

त्यानंतर माझ्या बागेत दुपारी पंप चालला नाही.

गेल्या वर्षी भाऊंचे गुडघे थकले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. चौथ्या मजल्यावर राहतात. तिथं खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे, झाड नाही. यंदा कीड दिसली तेव्हा मी ड्रोनवाला बोलावला. तसं भाऊंना आधीच कळवलं होतं, नाहीतर चोरी केल्यासारखं वाटलं असतं. ड्रोनवाला दुपारीच हजर. दहा मिनिटांत बाग उरकतो म्हणाला. मी त्याला बांधावर बसवलं आणि हातात चहा दिला. तो घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. बहराच्या दिवसांत तो रोज वाजतोच.

"घ्या हजेरी, गुरुजी."

मी उठलो, फोन संत्र्याच्या झाडात घातला आणि फुलांजवळ धरून उभा राहिलो. पलीकडं भाऊ कान लावून होते. ड्रोनवाला एकदा माझ्याकडं आणि एकदा फोनकडं बघत होता. बऱ्याच वेळानं फांद्यांतून भाऊंचा आवाज आला, त्यालाही ऐकू जाईल एवढा मोठा.

"सगळ्या हजर हायेत! त्या ड्रोनवाल्याले आणखी एक चहा द्या."