चाक, बल्ब आणि बैलांची आंघोळ

जानेफळकडच्या आमच्या वावरात मी दोन खोल्यांचं घर बांधलं, पण विजेचे खांब पार रस्त्यावरच थांबले. बायकोनं गावातलं घर सोडायला साफ नकार दिला.

"संध्याकाळी चुलीपाशी इंचू आहे का काडी, हे दिसाले पाहिजे. लाईट लागू द्या, मंग येतो मी."

तोवर मी वावरात एकटा. माझ्या हातची भाकर कुत्रंसुद्धा आधी हुंगायचं, मग माझ्याकडे बघायचं, मग नाइलाजानं खायचं.

"सोलर काऊन नाही लावत?" असं तिनं विचारलं होतं. पण सोलर कोणीही लावतो. आमच्या बांधालगतचा नाला पावसाळाभर खळाळत असतो. त्यातून वीज काढणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता आणि ती जागा मला खुणावत होती.

सायकलच्या रिमवर प्लास्टिकच्या पाइपाच्या वाट्या बसवल्या, पट्ट्यानं ते चाक भंगारातल्या डायनामोला जोडलं आणि वायर थेट स्वयंपाकघरात नेली. मध्ये बॅटरी लावा, असं दुकानदार म्हणाला होता. वाहत्या पाण्याला बॅटरी कशाला, हे मी उलट त्यालाच समजावून आलो. आणि बल्ब खरंच लागला! मी दिवसाढवळ्या बटन दाबून त्याच्याकडे बघत बसायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायला हळद-तूप घेऊन बायको वावरात येणारच होती. बल्ब दाखवायला तोच मुहूर्त धरला. सकाळी चुलतभावाबरोबर बैल नाल्यावर नेले, दरवर्षीसारखा दगडमातीचा बांध घालून डोह केला, बैल त्याच्या हवाली केले आणि घर झाडायला धावत आलो.

दुपारी ती आली. मी तिला बल्बाखाली उभं केलं, बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वायर हलवली, बल्ब फिरवला, बटनाला चापट मारली.

तोवर ती बाहेर गेली होती. नाल्याकडून तिचा आवाज आला, "अवो, चाक तं उभं आहे! पाणी कुठी गेलं?"

आम्ही काठाकाठानं वर गेलो. डोहात बैल पोटापर्यंत पाण्यात, चुलतभाऊ त्यांना घासतोय.

"कोणं अडवलं बे पाणी?" मी ओरडलो.

"कोणं म्हंजे? सकाळी दगड तूच तं रचले!"

बायको पदर तोंडाला लावून खाली बसली. मी बांध फोडायला वाकलो, तर तिनं हात धरला. "बैलाईचं होऊ द्या आधी. वर्षभर तेच राबतात, तुमचं चाक नाही."

मग बैल बाहेर आले, बांध फोडला आणि अडलेलं पाणी एकदम सुटलं. आम्ही धापा टाकत घरात पोचलो तेव्हा बल्ब असा पेटला होता, की चुलीमागच्या कोपऱ्यातली मुंगीही मोजता आली असती. तिनं तो कोपरा वाकून नीट बघितला. तेवढ्यात फट् झालं आणि कोपऱ्यात पुन्हा अंधार.

ती म्हणाली, "पेटला तं होता."

पोळा झाल्यावर ती भांड्यांचं पोतं घेऊन राहायला आली. तोवर मी मुकाट्यानं बॅटरी आणली होती. पोत्यात सगळ्यात वर तिचा टॉर्च होता.

"हा आता कायले?" मी विचारलं.

"राहू द्या. पुढच्या पोळ्यालेही बैल आंघोळ करतीनच ना."