हळद नसलेलं उटणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू. मध्येच मी दुसरंच काही बोलायला लागले, तर समजा की घाबरले.

माझा चेहरा नितळ आहे. कौतुक म्हणून नाही सांगत, पुढचं सगळं त्या चेहऱ्यावरच उभं आहे म्हणून सांगते. मी बँकेत काउंटरवर बसते. समोरच्या गुजराती बायका स्लिप भरता भरता विचारतात, "बेन, मोढा पर शुं लगाडो छो?" मी म्हणते, काही नाही लावत. तेवढं तरी खरंच आहे.

आधी जिजींबद्दल सांगते. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये लागले म्हणून खानदेशातून सुरतला आल्या, पण घरात अजून अहिराणीच बोलतात. आमच्या लग्नात त्या हळद लावायला पुढे आल्या, तेव्हा माझ्या आईने त्यांना अडवलं. म्हणाली, हिला चेहऱ्याला हळद सोसत नाही, पुरळ उठतं. जिजींनी चटकन हात मागे घेतला आणि फक्त पावलांना लावली. दुसरी एखादी सासू नाक मुरडून मोकळी झाली असती, नाही का? या बाईंनी ते मनात जपून ठेवलं. दर दिवाळीला सगळ्यांचं उटणं त्या एका परातीत कालवतात आणि माझं वेगळ्या वाटीत. हळद न घालता.

मला हळद उत्तम सोसते.

असो. माझी लेक प्राची अकरावीत गेली आणि तिच्या हनुवटीवर केस यायला लागले. लव नाही म्हणत मी — चांगले काळे, राठ केस. इकडे उन्हामुळे स्कूटीवरच्या सगळ्याच मुली तोंडाला ओढणी गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. प्राचीही गुंडाळायची. पण ती घरात आल्यावरही सोडेना. जेवायच्या वेळी सोडायची आणि तोंड खाली घालून जेवायची. मी ते बघत होते. मला ते खाली घातलेलं तोंड ओळखीचं होतं.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, काळजीचं काही नाही, घराण्यातूनच आलेलं दिसतंय. त्या संध्याकाळी जेवताना प्राचीच्या पप्पांनी मला सहज विचारलं, "तुमच्याकडे होतं का गं कुणाला?"

अगदी सहज विचारलं हो. आरोप नव्हता, काही नव्हता. आणि मी म्हणाले, "छे, आमच्याकडे कुणालाच नाही."

जिजींचा हात त्यांच्या हनुवटीकडे गेला. तिथे तीन-चार पांढरे केस होते, कुठल्याही म्हाताऱ्या बाईला असतात तसे. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मंग हाई मनाकडथीनच उनं," म्हणाल्या — म्हणजे हे त्यांच्याकडूनच आलं. प्राचीजवळ सरकून तिचं तोंड ओंजळीत घेतलं. "माले माफ कर, माय."

मी भाजी वाढत होते. वाढत राहिले.

आता सांगते. कॉलेजात असताना माझी हनुवटी, जबड्याची कड, गळा — सगळीकडे केस होते. प्राचीपेक्षा जास्त. बाथरूममध्ये माझ्या पप्पांच्या रेझरने काढायची आणि दुसऱ्या दिवशी ते खुंट घेऊन उठायची. शेवटी आईने मला एका बाईंकडे नेलं. त्या विजेच्या सुईने एकेक केस मुळापासून घालवायच्या. आम्ही सुरतेतच, पर्वत पाटियाला राहायचो, बाई घोडदोड रोडला — मुद्दाम लांब, ओळखीचं कुणी भेटायला नको. वर्षाहून जास्त जात होते. शेवटची वेळ लग्नाच्या जरा आधीच झाली, हनुवटीवर खपल्या होत्या, म्हणून ती हळद सोसत नसल्याची थाप. आई म्हणाली होती, आता हे आपल्या दोघींत. आई गेली. तिच्या पदराआड मी लपू शकत नाही, आणि त्या संध्याकाळी ती नव्हतीच. ते वाक्य माझं होतं.

प्राचीसाठीही डॉक्टरांनी सुईचाच उपाय सांगितला. "केस उपटायचा नाही हं, फार वाटलं तर कात्रीने काप," मी तिला पहिल्या खेपेआधीच बोलून गेले. "तुला काय माहीत?" तिने विचारलं. "मोबाइलवर वाचलं," मी म्हणाले. बघा, एकाला दुसरं कसं लागतं.

पहिल्या दिवशी जिजी आमच्याबरोबर आल्या. क्लिनिकमधल्या हेतलबेननी मशीन सुरू केलं आणि प्राचीने सुई बघितली. रडायला लागली. खुर्चीवरून उठलीच. तेव्हा जिजी पुढे झाल्या आणि आपणच त्या उंच खाटेवर चढून आडव्या झाल्या.

"पहिले मना काढा," आपल्या हनुवटीला बोट लावत म्हणाल्या.

हेतलबेन हसल्या. "बा, तमने शुं जरूर?"

"पोरले समजू द्या, काय व्हस ते."

पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, पण सुई चालते. हेतलबेननी जिजींच्या मुठीत ती धातूची दांडी दिली — वीज परत जायला ती धरावी लागते — आणि सुई लावली. मी बाजूला खुर्चीवर बसले होते. माझी मूठ आपोआप वळली. हातात काहीच नव्हतं, तरी तो ओला, गार धातू मला लागला. सुई आत जाते, एक गरम ठणका येतो, मग चिमट्याने केस लोण्यातून निघावा तसा सुटून येतो. हे सगळं मला माहीत होतं. "घाबरू नको, मी केलंय हे, बघ माझ्याकडे" — एवढं म्हणायचं होतं. एवढंच ना? माझी पोर थरथरत होती आणि तिला हवं ते माझ्या जिभेवर होतं. जिजींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. त्या म्हणाल्या, "मुंगी चावस ना बेटा, तितलंच."

प्राची खाटेवर चढली. जिजींचा हात धरून.

मग प्रत्येक खेपेला जिजीच गेल्या तिच्याबरोबर. दोघी येताना भजी खाऊन यायच्या, हसत यायच्या. एकदा मी म्हटलं, आज मी येते. प्राची म्हणाली, "राहू दे मम्मी. तुला नाही कळणार ते. आरशात बघ ना." वाईट नव्हती बोलली. प्रेमाने बोलली. मी आत जाऊन कुकर लावला.

आता प्राची नोकरी करते. साडीची डिझाइनं बनवते. तिला बघायला लोक आले, तेव्हा तिने आपणहून सांगून टाकलं, "माझ्या हनुवटीवरचे केस मी सुईने काढून घेतलेत. आमच्या आजीकडून आलेत ते. पुढे मुलगी झाली तर तिलाही येतील, म्हणून आताच सांगते." मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. मुलाच्या आईने क्षणभर बघितलं, मग स्वतःची हनुवटी चाचपली. "अगं, माझे तर मी दर महिन्याला थ्रेडिंगने काढते," म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. जिजी पदर तोंडाला लावून हसल्या. इतकं सोपं होतं? ज्याला मी उभा जन्म भ्यायले, ते चहाबरोबर हसण्यावारी गेलं. मीही हसले. त्या खोलीत माझ्याच हनुवटीला सांगण्यासारखं काही नव्हतं.

कधी वाटतं, आता बोलले तर आजी-नातीमधलं जे आहे ते मोडेल, म्हणून गप्प राहिलेलं बरं. पण नाही. मी गप्प आहे ती माझ्यासाठीच.

यंदाच्या दिवाळीत जिजींचे हात थरथरत होते, तरी परातीत उटणं त्यांनीच कालवलं. प्राची त्यांच्यापुढे बसली होती, गालांना पिवळं फासून. मग जिजी वाटी घेऊन माझ्याकडे आल्या.

"हाई तुनं न्यारं," म्हणाल्या. "ये, लाई देस."

मी पाटावर बसले आणि हनुवटी वर केली.