नारळ उशिरा खवल्याची नोंद

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघी जावांचे चारही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि म्हणाल्या, "दोघींना आर्थ्रायटिस आहे. पण एकच नाही."

मी गेले होते सुलभाचं ढोंग उघडं पाडायला. माझंही निदान होईल हे ध्यानीमनीही नव्हतं.

मी सहासष्ट वर्षांची, राहणार काळाचौकी. सुलभा माझी धाकटी जाऊ, नुकतीच साठीला आलेली. आमच्या मालवणी घरात सकाळचा नारळ खवायचं काम तिचं, लग्न होऊन आली तेव्हापासून. पण गेले काही महिने ती सकाळी हात मांडीवर घेऊन नुसती बसायची. "वैनी, माका सकाळची मूठ आवळूक जमत नाय," म्हणायची. आणि दहा वाजले की हीच बाई फटाफट कांदे चिरायला लागायची!

मला संताप यायचा. बोटं माझीही दुखत होती की. टोकाच्या सांध्यांवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी. पण सकाळी पाच-दहा मिनिटं हात चोळले की मी कणीक मळायला तयार. मग हिचेच लाड कशाला? मी तिला महाराणी म्हणायला लागले.

आमच्या घरात तोंडी तक्रार कोणी ऐकत नाही. म्हणून साडेसातला उठलेली सुलभा नारळाला हात कधी घालते, ते मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. 'आज साडेनऊ.' 'आज दहा. दोन्ही हातांत चहाचा कप धरून बसली.' 'बांगडी चढत नाही म्हणे.' अशी दोन महिन्यांची दोन पानं भरली. औषध म्हणाल, तर माझ्या गुडघ्यांसाठी आणलेलं मलम दोघी लावत होतो. एकाच घरातली दुखणी, वेगळं औषध कशाला?

शेवटी माझ्या दिरांनी परळला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. पहिल्या खेपेला सुलभाचं रक्त तपासायला दिलं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, अशी नावं. डॉक्टरांची नजर माझ्या गाठींवर गेली आणि मलाही एक्स-रेच्या रांगेत उभं केलं. रांगेत सुलभाने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. तिला झाकण फिरवता येत नव्हतं. मी उघडून दिलं, पण मनात म्हटलं, इथेही नाटक.

दुसऱ्या खेपेला मी कॅलेंडरची दोन पानं फाडून पर्समधून नेली आणि आत गेल्या गेल्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती रिपोर्टांच्या शेजारी ठेवून नीट वाचली.

"कोणी लिहिलंय हे? सकाळचा ताठरपणा दोन-दोन तास, रोज. इतकं नेमकं कोणी सांगत नाही हो!"

मग त्यांनी समजावलं. सुलभाचा तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजतात. सूज मऊ, गरम. सकाळी हात आखडलेले, हालचाल होत गेली की सुटतात. माझा ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी झिजते. सकाळी थोडाच वेळ त्रास, पण दिवसभर राबलं की संध्याकाळी ठणका.

"यांना आणखी उशीर झाला असता, तर बोटं कायमची वाकडी झाली असती," डॉक्टर म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी लिहीत बसले होते आणि तिचे सांधे आतून खराब होत होते.

"वैनींनी लिहिलंय," सुलभा शांतपणे म्हणाली. "माझी फार काळजी हो त्यांना."

ती टोमणा मारत होती की मला सांभाळून घेत होती, हे विचारायची माझी आजही हिंमत नाही.

तिला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली, शिवाय अधूनमधून रक्ततपासणी. मला गरम पाण्याचा शेक, बोटांचे व्यायाम आणि एक ताकीद, एकमेकींच्या गोळ्या खायच्या नाहीत. मलमाची बातमी डॉक्टरांपर्यंत पोचली होती.

तुमच्या घरात कोणाचे हात दुखत असतील तर कुठले सांधे, कधी, किती वेळ, हे जरूर लिहून ठेवा. निदान मात्र डॉक्टरांना करू द्या. मी केलेलं निदान 'आळस' होतं.

आता सकाळचा नारळ मी खवते. संध्याकाळी माझी बोटं ठणकायला लागली की भाकऱ्या सुलभा थापते. दोघींत मिळून एक धडधाकट बाई होते, आणि मला तिचे फार उपकार वाटतात. तोंडाने मी तसं अजून म्हटलेलं नाही.

गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले होते. एके सकाळी मी विळीवर बसले होते, तर सुलभा आली आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. अख्खा नारळ खवला. मग उठून कॅलेंडरची पेन्सिल मुठीत घट्ट धरली आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'आज सव्वाआठ. महाराणी.'